कोचने कुठे उभं राहायचं

अपंग माणसाला नोकरी शोधून देणं आणि कामाच्या जागेवरच शिकवून ती टिकवायला मदत करणं, हे आमचं, म्हणजे जॉब कोचचं काम. पहिल्या भेटीत आम्ही बायोडेटा मागत नाही. बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या माणसाच्या बायोडेटात शाळेचं नाव, दोन-तीन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं आणि ‘मेहनती व प्रामाणिक’ एवढंच असतं. त्यावरून काम जुळवता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या चार ते सहा भेटी नुसत्या बघण्यात जातात. घरी, त्याच्या रोजच्या रस्त्यावर, तो मन लावून जे काही करत असेल तिथे. बघायचं आणि मोजून लिहायचं. ‘लक्ष लागत नाही’ ही नोंद काही कामाची नाही. ‘दोन माणसं बोलत असतील त्या खोलीतून ७ मिनिटांत उठतो, एकटा असला की ४० मिनिटं मान वर करत नाही’ या नोंदीवरून नोकरीची जागा ठरवता येते.

सूचना ऐकून कळते, बघून कळते की चित्रावरून, हे लिहितो. एका दमात किती पायऱ्या लक्षात राहतात, चूक झाली की तो थांबतो, लपवतो की चिडतो, कुठला आवाज किंवा उजेड सहन होत नाही, हेही. औषधांच्या वेळा मात्र बरेच जण विचारायच्या विसरतात. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी नऊपर्यंत राहत असेल आणि शिफ्ट सातची असेल, तर पंधरा दिवसांत ‘आळशी आहे’ असा शेरा येतो आणि तो कायमचा चिकटतो. शिफ्टची वेळ किंवा डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ, दोन्हींपैकी एक आधीच हलवावी लागते.

पूर्वीचा क्रम असा होता : आधी संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त अपंगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कार्यशाळेत, माणूस ‘तयार’ करायचा, मग बाहेर नोकरी. ही तयारी कधी संपायचीच नाही. वर्षानुवर्षं लोक तिथेच राहायचे. १९८०च्या दशकात अमेरिकेत सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणून जी पद्धत रुजली तिने हा क्रम उलटा केला. आधी खरी नोकरी, खरा पगार, आणि शिकवणं त्याच जागेवर, त्याच टेबलाशी. कारण साधं आहे. एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही. कार्यशाळेत पेट्या भरायला शिकलेला माणूस कारखान्यात गेला की तिथली पेटी वेगळी, टेबल उंच, डोक्यावर भोंगा वाजतोय; पहिल्यापासून शिकवावं लागतंच. मग ते तिथेच का नको?

शिकता येतं की नाही, हा प्रश्न त्याच्याही आधी निकाली निघाला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक मार्क गोल्ड यांनी कार्यशाळांमधल्या, मध्यम आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला, आणि पुढे २४ भागांचा. निम्म्या लोकांच्या भागांना त्यांनी लाल रंग दिला होता. भाग योग्य स्थितीत ठेवल्यावर जी बाजू जोडणाऱ्याच्या समोर यावी, फक्त तेवढीच बाजू रंगवलेली. ही मंडळी लवकर शिकली. आमच्या कामातल्या निम्म्या युक्त्या या लाल रंगाच्याच जातीच्या आहेत. माणूस बदलायचा नाही, वस्तू बोलकी करायची.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात घडवलेली आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत वापरतात. तिच्यात नोकरी शोधणारा कार्यकर्ता उपचार करणाऱ्या गटाबरोबरच बसतो, आणि ‘अजून बरं वाटू दे, मग बघू’ असं म्हणून कुणाला थांबवून ठेवत नाहीत. तिचे दंडक काटेकोर आहेत. एका कार्यकर्त्याकडे २०पेक्षा जास्त माणसं नकोत. नाव नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत एखाद्या मालकाशी समोरासमोर भेट. नोकरी सुरू होण्याआधीच्या आठवड्यात एक भेट, सुरू झाल्यावर ३ दिवसांच्या आत दुसरी, पहिला महिना दर आठवड्याला, आणि नंतर वर्षभर किंवा जास्त काळ महिन्याला किमान एक. हे वेळापत्रक आम्ही सगळ्याच प्रकारच्या अपंगत्वासाठी उचललं आहे. सगळ्यात जास्त चुकते ती ३ दिवसांची भेट, कारण नोकरी लागल्याच्या आनंदात सगळेच गाफील असतात.

मालकाकडे जाताना ‘आमच्याकडे एक दिव्यांग मुलगा आहे, काही काम मिळेल का’ असं कधी म्हणू नये. त्यावर दोनच उत्तरं येतात : सरळ नकार किंवा दयेपोटी दिलेली खुर्ची, आणि खुर्ची पुढचा खर्चकपातीचा महिना आला की जाते. आम्ही आधी अर्धा तास जागा बघू द्या म्हणतो. बघायचं हे, की जास्त पगाराच्या माणसाचा वेळ कमी कौशल्याच्या कामात कुठे जातोय. रुग्णालयात नर्स साठ्याच्या कपाटात हातमोजे आणि सिरिंज भरत बसलेली दिसते. कार्यालयात हिशेबनीस स्कॅन करण्याआधी कागदांच्या पिना काढत असतो. अशी तुकड्यातुकड्यांची कामं गोळा करून एक पद तयार करता येतं. यात एक खड्डा आहे. ज्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही असं काम गोळा केलं, तर ते पद कागदावरच राहतं. म्हणून एक कसोटी लावतो : हा माणूस एक दिवस आला नाही तर दुपारपर्यंत कुणाला तरी कळलं पाहिजे. कळणार नसेल, तर ते काम घेऊ नये.

इंटरव्ह्यू म्हणजे बोलण्याची परीक्षा. ज्याचं काम बोलण्याचं नाही त्याला ती का द्यायची? तिच्याऐवजी दोन-तीन तासांचं प्रत्यक्ष काम मागून घेतो. त्याहून लांबली तर त्या चाचणीचे पैसे मिळाले पाहिजेत. फुकटच्या ‘ट्रायल’ महिना महिना चालवणारी ठिकाणं असतात. उमेदवार कर्णबधिर असेल तर खुणांच्या भाषेचा दुभाषी प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी बसवायचा, उमेदवाराच्या शेजारी नाही. म्हणजे दोघंही एका नजरेत येतात. विचारणाऱ्याच्या पाठीशी खिडकी नको, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. आणि प्रश्न उमेदवाराकडे बघून विचारायचा. ‘तिला विचारा, तिने आधी काय केलंय’ असं दुभाष्याला म्हणणारे साहेब अजून भेटतात.

कामाच्या ठिकाणी कुणाला काय सांगायचं, हे त्या व्यक्तीच्या लेखी संमतीने ठरतं. निदानाचं नाव बहुतेक वेळा सांगावं लागत नाही, गरज सांगावी लागते. ‘त्याला ऑटिझम आहे’ या वाक्यातून सहकारी काय वाट्टेल ते समजून घेतात. ‘दोन कामं एकदम सांगू नका, दुसरं काम पहिलं झाल्यावर सांगा’ यातून नेमकं तेवढंच समजतं. अपस्माराच्या बाबतीत तर सूचना लेखीच हवी : झटका आला तर डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा, दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांत थांबला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. हा कागद एचआरच्या फायलीत नको, जिथे काम चालतं तिथल्या सुपरवायझरच्या खणात हवा.

कामगार रुजू होण्याआधी कोचने स्वतः एक-दोन पूर्ण शिफ्ट ते काम करायचं. यात सूट नाही. लिहून दिलेल्या कामाच्या यादीत खरं काम निम्मंच असतं. पिशवी कुठे टांगायची, हजेरीचं यंत्र बोट पटकन ओळखत नाही तेव्हा काय करायचं, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे, सुट्टीची घंटा वाजते की लोक आपणच उठतात, रिकामे खोके कुणी न सांगता उचलायचे असतात का, हे सगळं हात घातल्यावरच कळतं. नोकऱ्या मुख्य कामावर क्वचित अडतात. त्या या फटींमध्ये अडतात. पेटी बिनचूक भरणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत कोणत्या टेबलावर बसायचं ते कळत नाही. तो जिन्यात बसून खातो आणि तिसऱ्या आठवड्यात येईनासा होतो.

मुख्य काम पायऱ्यांमध्ये तोडण्याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. काम आहे दहा पुड्या मोजून एका खोक्यात भरण्याचं, आणि कामगाराला दहापर्यंत खात्रीने मोजता येत नाही. आधी मोजणं शिकवायला जाऊ नये, त्यात महिने जातात. दहा घरांचा एक पाट करायचा. पहिला प्रयत्न बहुतेक जण कागदावर चौकोन आखून करतात आणि तो फसतो. पुड्या गुळगुळीत असतात, सरकतात, एका चौकोनात दोन बसतात. म्हणून प्लायवूडच्या पाटावर पट्ट्या ठोकून खोलगट घरं करायची, पाच-पाचच्या दोन ओळी. खोली बरोबर एका पुडीइतकी; दुसरी ठेवली तर ती वर राहिलेली डोळ्यांना आणि बोटांना लगेच जाणवते. घरांचा तळ भडक रंगवायचा, पुडीच्या रंगापेक्षा अगदी वेगळा. मग नियम एकच : रंग दिसतोय तोवर खोकं भरायचं नाही. पाटाखाली चार कोपऱ्यांना रबर, नाहीतर तो टेबलावर फिरतो. पुड्यांचा ढीग डावीकडे, खोकं उजवीकडे. कामगार डावखुरा असेल तर उलट.

एवढं केल्यावर कामाच्या आठ-नऊ पायऱ्या उरतात. प्रत्येक पायरीसमोर रोज एक अक्षर लिहायचं : स्वतः केलं तर ‘स्व’, खुणेने केलं तर ‘खू’, सांगावं लागलं तर ‘सां’, करून दाखवावं लागलं तर ‘दा’, परवानगी घेऊन हात धरावा लागला तर ‘हा’. आठवड्याने तक्ता आडवा वाचला की दिसतं, की आठ पायऱ्यांवर ‘स्व’ची रांग आहे आणि एका पायरीवर ‘दा’ हटत नाही. ती पायरी बहुधा नीट तोडलेली नसते. ‘खोकं बंद करा’ ही एक पायरी नाहीच. आधी आखूड पाती आत, मग लांब, मग खाच अडकवायची, या तीन पायऱ्या आहेत. तक्ता न ठेवणारे कोच याच जागी ‘त्याला जमत नाही’ असं म्हणून मोकळे होतात.

मदत देण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट गप्प राहणं. सूचना दिली की मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच दुसरी मदत. दोन सेकंदांत तीच सूचना जरा वेगळ्या शब्दांत दिली, तर ऐकणाऱ्यासाठी ती नवीन सूचना होते आणि तो पहिल्यापासून विचार करायला लागतो. तोंडी मदत सगळ्यात सोपी वाटते, पण काढून घ्यायला सगळ्यात कठीण. ‘हं, आता?’ किंवा ‘बरोबर’ एवढंसं म्हणायची सवय लागली, की पंधरा दिवसांत कामगार पुढच्या पायरीआधी कोचच्या तोंडाकडे बघतो. म्हणजे कोच हीच एक पायरी होऊन बसली. खूण बोलण्यापेक्षा बरी, आणि वस्तूत बसवलेली मदत, म्हणजे रंग, घर, चित्र, खुणेपेक्षा बरी, कारण ती घरी जात नाही.

म्हणूनच कोचने कुठे उभं राहायचं, हा आमच्यात वादाचा विषय असतो. समोर कधीच नाही. समोर उभं राहिलं की चेहरा वाचला जातो. पहिल्या दिवसांत खांद्याच्या मागे, हात पोचेल इतकंच अंतर. एखाद्या पायरीवर सलग तीन दिवस ‘स्व’ आलं की त्या पायरीपुरतं दोन-तीन मीटर मागे. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून काहीतरी करत. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये. मग इमारतीत नाही, पण फोनवर. हे सरकणं पूर्ण शिफ्टला एकदम लागू करायचं नसतं. मधला तास सुटा जमत असतो, पण शिफ्टची सुरुवात, सुट्टी आणि शेवट या तीन जोडांवर कोच लागतो. पहिल्यांदा पूर्ण दिवस सोडायचा तो आठवड्याच्या मधला. सोमवारी सगळं विस्कटलेलं असतं आणि आठवड्याच्या शेवटी माल पाठवायची घाई असते.

सुपरवायझर कोचला येऊन म्हणतो, ‘याला सांगा, उद्या लवकर यायचंय.’ इथे कोचने निरोप पोचवला, की कामगाराचा साहेब कोच झाला. करायचं एवढंच, ‘चला, सांगू या’ म्हणत सुपरवायझरबरोबर चार पावलं चालत जायचं आणि तो बोलत असताना आपण गप्प उभं राहायचं. वाक्य लांबलं, कळलं नाही, तर चित्राची चिठ्ठी सुपरवायझरच्याच हातात द्यायची. अशा पाच-सात फेऱ्या झाल्या की तो परस्पर जायला लागतो. मदतीला सहकारी निवडतानाही साहेबाने नेमलेला ‘जोडीदार’ फारसा कामाचा नसतो. पहिल्या आठवड्यात कोण आपणहून डबा उघडताना जागा करून देतं ते बघायचं आणि त्याला, किंवा तिला, विचारायचं. एकाऐवजी दोघांना विचारलेलं बरं. एकजण रजेवर जातोच.

दृष्टिहीन किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाच्या बाबतीत शिकवण्याचं काम थोडं आणि जागा-यंत्रं तपासण्याचं जास्त. कोच लागेलच असं नाही, तांत्रिक माणूस लागतो. अपंगांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात कलम २७ कामाच्या हक्काचं आहे, आणि वाजवी सोयी नाकारणं हा भेदभाव ठरवला आहे. पण साहेबाला कलम दाखवून रॅम्प मिळतो, नीट रॅम्प मिळतोच असं नाही. उतार १:१२ म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबी लागते. हे सांगितलं नाही तर गवंडी ६० सेंटिमीटरचा घसरगुंडीसारखा उतार करून देतो. दाराची मोकळी रुंदी पल्ल्याची जाडी सोडून मोजायची, किमान ८१ सेंटिमीटर. वळायला दीड मीटरचं वर्तुळ. टेप घेऊन स्वच्छतागृहात स्वतः जायचं, कारण रॅम्प उत्तम आणि स्वच्छतागृहाचं दार आत उघडणारं, असं हमखास असतं. मग माणूस दिवसभर पाणी पीत नाही, आणि महिन्याभरात आजारी पडतो.

स्क्रीन रीडरचंही, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, तसंच. जॉज विकत घ्यावं लागतं, एनव्हीडीए मोफत आहे, पण प्रश्न त्याचा नसतो. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यातल्या बटनांना आतून नावंच दिलेली नसतात, आणि स्क्रीन रीडर ‘बटन, बटन, बटन’ एवढंच म्हणत राहतो. दूरच्या संगणकावर काम चालत असेल तर आणखी घोळ : स्क्रीन रीडरला पडद्यावर नुसतं एक चित्र दिसतं. म्हणून रुजू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी, त्याच संगणकावर, त्याच लॉगिनने, उमेदवारानेच एक पूर्ण काम करून बघायचं. रिपोर्ट उघडणं, भरणं, सेव्ह करणं, पाठवणं. जिथे अडेल त्या बटनांची यादी सॉफ्टवेअरवाल्यांना द्यायची. ‘आमचं सॉफ्टवेअर ॲक्सेसिबल आहे’ या तोंडी खात्रीवर कधी थांबू नये.

नोकरी टिकण्याचा भाग कंटाळवाणा आहे आणि महत्त्वाचाही तोच. महिन्याच्या भेटीत ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘सगळं छान’ येतं, अगदी काढायचं ठरलेलं असलं तरी. आम्ही विचारतो, ‘मागच्या आठवड्यात याचं कुठलं काम दुसऱ्या कुणाला पुन्हा करावं लागलं?’ मग उत्तर येतं. कामगाराला विचारायचं, ‘जेवताना शेजारी कोण होतं?’ दहा-दहा मिनिटांचा उशीर, स्वच्छतागृहात लांबलेला वेळ, जेवण पुन्हा जिन्यात, ही पहिली लक्षणं. कारणं बहुतेक वेळा ठरलेली निघतात. सुपरवायझर बदलला आणि जुन्याने खणातला कागद दिला नाही. बस बदलली. घरी सांभाळणारी आई आजारी पडली. डॉक्टरांनी गोळी बदलली. किंवा कंपनीने पुडीचा आकार बदलला, नवी पुडी पाटाच्या घरात बसेना, आणि सहा महिने बिनचूक काम केलेल्या माणसाच्या खोक्यांत नऊ आणि अकरा पुड्या निघायला लागल्या. कोचला कळवायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने फक्त पुडी बदलली होती. म्हणून पाटाच्या मागच्या बाजूला आम्ही फोन नंबर लिहितो, आणि खाली : ‘पुडी, खोकं किंवा टेबल बदलण्याआधी कळवा.’

पगार कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जातो की नाही, आणि त्यातून तो स्वतःच्या मनाने काही विकत घेतो का, हेही वर्षभर बघावं लागतं. हातात काहीच येत नसेल तर पहाटे उठून जायचं कशाला, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

आणि माणसं कंटाळतात. दोन-अडीच वर्षं एकच पुडी भरल्यावर कुणीही कंटाळेल, पण दिव्यांग कामगाराच्या कंटाळ्याला ‘वागणूक बिघडली’ म्हणतात. बढती, दुसरा विभाग किंवा दुसरी नोकरी हवी का, हे दरवर्षी एकदा सरळ विचारतो. हवी असेल तर राजीनामा नीट द्यायचा, सूचना-मुदत पाळायची, अनुभवाचं पत्र घ्यायचं, आणि पाट तिथेच ठेवून यायचा. तो पुढच्या माणसाला लागतो. मग पुन्हा भेटी सुरू होतात. या खेपेला बायोडेटा करतो. त्यात पहिली ओळ त्याने केलेल्या कामाची असते, पुड्यांच्या तासाच्या सरासरीसकट.